जप्त झालेला भोंगा आणि केवळरामाचं एक वाक्य

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे आणि सध्या सरकारजमा आहे. एका कचेरीच्या मागच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात मला उपडं ठेवलं आहे. तोंड पत्र्याला टेकलेलं, गळ्यात सुतळी, सुतळीवर लाखेचा लाल ठसा आणि चिठ्ठीवर लिहिलेलं, 'भोंगा, नग एक'. भोंग्याला उपडं ठेवणं म्हणजे काय, हे कळायचं असेल तर उशीत तोंड खुपसून आईला हाक मारून बघा.

माझा जन्म नागपूरचा. अॅल्युमिनियमचा पत्रा गोल फिरवून कारागिरांनी मला धोतऱ्याच्या फुलासारखा आकार दिला. तिथून एसटीच्या टपावर बसून, वारा खात मी भंडाऱ्याजवळच्या लाखनीला आलो. माझा मालक नत्थू. त्याची साऊंड सर्व्हिस म्हणजे आवाज वाढवायचं एक मशीन, दोन माईक, एक सायकल आणि मी.

तारुण्यात माझा आवाज काय सांगू! एका लग्नात मी असा 'सावधान' ओरडलो, की नाल्यापलीकडच्या गावात दुसऱ्याच नवरदेवाने घाईघाईने हार घालून टाकला. एकदा भंडाऱ्याच्या सभेत मी घुमलो, तर पितळेच्या दुकानांतले हंडे पाऊण तास आपसात बोलत होते. यातलं अर्धं खरं आहे. कोणतं अर्धं, ते मी सांगणार नाही.

लोक मला नावाजत. पण मित्रांनो, माझं एक दुखणं जन्माचं आहे. तोंड माझं, बोलणं दुसऱ्याचं. निवडणूक आली की सकाळी मी एका पक्षाचा, दुपारी दुसऱ्याचा. जे पुढारी निवडून येण्याआधी माझ्या तोंडून "विदर्भाचं वेगळं राज्य आणणारच" म्हणत, ते निवडून आल्यावर माझ्या तोंडून फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा घेत. मला सगळं आठवायचं, पण मध्येच थांबून "अहो, तुम्ही मागे काय म्हणाला होतात?" असं मला विचारता येत नसे. कपाट आता आलं. कोंडलेला मी पहिल्यापासूनच होतो.

नत्थूचाही एक नियम होता. तो म्हणे, "मशीनवाल्याले मत नसते." बटनावर हात असेपर्यंत तो कुणाचाच नसे. मनातून मात्र तो पक्का वेगळ्या विदर्भाचा. त्याहून पक्का त्याचा शेजारी केवळराम. केवळरामाचं धानाचं शेत गावतलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. दर निवडणुकीआधी त्याला वाटे, या खेपेस आपली मागणी कुणीतरी नीट ऐकेल. पण वेगळ्या विदर्भवाल्यांच्या सभेला तीस माणसं जमत आणि पेपरात बातमी येई ती हरवलेल्या गोऱ्ह्याच्या जाहिरातीखाली.

मागच्या लोकसभेच्या वेळी मात्र नवल घडलं. मुंबईची एक वाहिनी लाखनीच्या बाजारचौकात 'जनतेचा दरबार' भरवणार होती. केवळरामाला फोन आला, "काका, तुम्हाला शेवटी एक वाक्य मिळेल. एकच हं."

मी तेव्हा नत्थूच्या ओसरीवर टांगलेला होतो. केवळराम बायकोला, धुरपताला घेऊन तिथे आला. धुरपता हसायलाच लागली.

"एका वाक्यात काय सांगान तुमी? नुसतं जेवाले बोलावलं तं चार वाक्यं लागतात तुमाले!"

"मंग वाक्यच लांबट करतो ना," केवळराम म्हणाला. "'आन्' लावत जायचं. थांबलोच नाही तं ते संपते कसं?"

आठ दिवस त्याने ते वाक्य पाळीवर उभं राहून म्हशींना ऐकवलं. दोन म्हशींना ते पाठ झालं म्हणतात.

दरबाराचा दिवस उजाडला. आचारसंहितेमुळे भोंग्याची परवानगी सहा वाजेपर्यंतचीच होती. मला कडुनिंबाच्या फांदीला बांधलं. एका बाजूला निवडणुकीचं पथक आपला व्हिडिओ कॅमेरा घेऊन उभं होतं. वाहिनीच्या निवेदिका टीनाताई गाडीतून उतरल्या तेव्हा ऊन असं, की त्यांच्या गालांचा रंग दोनदा लावावा लागला. त्यामुळे दरबार उशिरा सुरू झाला. मग प्रत्येक पक्षाच्या माणसाने मनसोक्त भांडून घेतलं. सहाला पाच मिनिटं राहिली तेव्हा टीनाताई म्हणाल्या, "आता शेवटी वेगळ्या विदर्भवाल्या काकांकडून एक गोड वाक्य!"

केवळरामाने नत्थूचा दुसरा माईक दोन्ही हातांनी धरला.

"आमाले आमचं राज्य पाहिजे, आन् ते कोणाले मंत्री कराले नाही पाहिजे, आन् मुंबईवर रागावून बी नाही..."

"बरं काका, तुमच्या भावना पोचल्या," टीनाताई म्हणाल्या, "आता आपण..."

इतक्यात नत्थूचा हात हलला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपला नियम मोडला. टीनाताईंच्या माईकचं बटन त्याने खाली केलं आणि केवळरामाचं वर. त्यांचे ओठ हलत राहिले, माझ्या तोंडून मात्र त्यांचा एकही शब्द बाहेर येईना.

"बोल केवळभाऊ," नत्थू हळूच म्हणाला. "मी आहो."

आणि केवळराम बोलला.

"...आन् आमच्या तलावाची पाणी सोडाची मोरी फुटली हाये, आन् शेताचं पाणी पाळीखालून वाहून जाते, आन् मोरी बदलाचा अर्ज माह्या बापानं देला, आन् त्याची फाईल मुंबईले गेली, आन् बाप मेला, आन् मी म्हातारा झालो, आन् फाईल कोठी हाये हे पुसाले दोन दिवस जायचे आन् दोन दिवस यायचे, आन् तिथं गेलं का साहेब मीटिंगले, म्हणून आमाले राज्य असं पाहिजे का मी सकाऊच्या एसटीनं नागपूरले फाईल पाहाले जाईन, आन् साहेब भेटला तं बोलून, नाही भेटला तं भांडून, संध्याकाळच्या जेवणाले घरी येईन!"

एवढंच नव्हतं, मित्रांनो. मधले पुष्कळ 'आन्' मी गाळले आहेत. भजीवाल्याने झारा कढईवरच धरून ठेवला होता. हायवेवरचा एक ट्रक थांबला, आणि हे मात्र अगदी खरं आहे. मी हजारोंची बोलणी बोललो, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हे तोंड माझंच आहे.

मग टाळ्या पडल्या. टाळ्या संपल्यावर पथकाचे साहेब नत्थूजवळ आले. "वाक्य चांगलं होतं," ते म्हणाले. "पण सहा वाजून चार मिनिटं झाली. भोंगा उतरवा."

असा मी इथे आलो.

पाचव्या दिवशी नत्थू आणि केवळरामाला पंचनाम्याला बोलावलं. मला कपाटातून काढून टेबलावर ठेवलं होतं. ते दोघं बाजूच्या बाकावर बसले. नत्थूची मान खाली होती.

"टीव्हीवर सहा सेकंद दाखवलं रे तुले," तो म्हणाला. "'आमाले आमचं राज्य पाहिजे' इतकंच. आन् मांगून कसा पिपाणीचा आवाज टाकला!"

"आन् ते बाई काय म्हणे," केवळराम म्हणाला, "'राज्य का पाहिजे, हे मात्र काकांना सांगता आलं नाही.' पुण्याहून पोरीचा फोन आला, नत्थू. म्हणे, बाबा, ऐन टायमाले तुमाले कारण काहून नाही आठवलं?"

"मले वाटलं मशीन माह्या हाती हाये, तं आवाज बी माह्याच हाती. मी तं बाईचा आवाज बंद केल्ता ना!"

"तिचं टीव्हीचं यंत्र तिच्या कॉलरले लटकलं होतं बापा. तुह्या भोंग्याशी तिचा काय संबंध?"

माझ्या पत्र्याला घाम फुटला, मित्रांनो. चाळीस वर्षं नत्थूची आणि माझी एकच समजूत होती, की मी बोललो म्हणजे जगाने ऐकलं. मी बोललो होतो फक्त चौकाला.

तेवढ्यात कचेरीतल्या दामिनी मॅडम आल्या. परवानगीच्या वेळेनंतर भोंग्यावरून नेमकं काय बोललं गेलं, ते त्यांना शब्दन् शब्द लिहून घ्यायचं होतं. पथकाच्या कॅमेऱ्यात ते सगळं टिपलेलं होतं. त्यांनी ते लावलं. मध्ये चहा आला, त्यांनी तो बाजूला सारला. अर्धवट ऐकून चालणार नव्हतं, म्हणून सुरुवातीपासून दोनदा ऐकलं आणि पाऊण पान लिहिलं. मग मोठ्याने वाचून दाखवलं. मोरी, फाईल, बाप, एसटी, संध्याकाळचं जेवण. काहीही सुटलं नव्हतं.

"बरोबर आहे का, काका?"

केवळराम बाकावरून पुढे सरकला. मग म्हणाला, "मॅडम, एक डाव अजून वाचता का?"

त्यांनी पुन्हा वाचलं. या वेळी जरा सावकाश.

"याची नक्कल भेटते का? पोरीले पाठवतो."

"केस निकाली निघेपर्यंत नाही देता येत, काका. हे सगळं सीलबंद राहील."

केवळरामाने सही केली. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "राहू द्या मंग," तो म्हणाला. "इथं पूर्ण तं हाये."

ती चित्रफीत आणि ते पान एका पाकिटात घातलं, पाकिटावर लाख लावली आणि कपाटात माझ्याच कप्प्यात ठेवलं. तेव्हापासून आम्ही शेजारी आहोत. माझं तोंड पत्र्यावर, त्याचं तोंड लाखेने बंद. चार बोटांवर ते वाक्य अख्खं पडलेलं आहे आणि मला ते कुणाला ऐकवता येत नाही.

मित्रांनो, भोंगे जपा, हे मी सांगायला हवं. पावसात ठेवू नका, पोचे पाडू नका, उपडं तर मुळीच ठेवू नका. पण माझं एक वेळ राहू द्या. तुमच्यासमोर एखादा म्हातारा अडखळत, 'आन्, आन्' करत काही सांगायला लागला, तर हसू आलं तरी जागचे हलू नका. त्याचं कारण बहुतेक वाक्याच्या अगदी शेवटी असतं.