थोरलीचा जबाब

मंगळवार म्हणजे महिला समुपदेशन केंद्रात मिटवामिटवीचा दिवस. सकाळी मावशींनी खोली झाडली आणि सहा खुर्च्या मांडल्या. सासरच्या मंडळींना पाच, समुपदेशक बाईंना एक. जिच्यासाठी सगळा घाट घातलेला, ती उभी राहायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणालाही त्यात वावगं दिसलं नव्हतं. बाईंनाही नाही.

अकराच्या सुमारास बेकरीवाला आला. पांढरा धुवट सदरा, बोटांत अंगठ्या, पायरीपासूनच मोठा आवाज. मागे त्याची बायको, दोन मुलगे आणि सगळ्यांच्या मागे धाकटी सून, नजर जमिनीला. तो सवयीने मधल्या खुर्चीत बसला.

"ओळखलंत ना बाई? मागे आमच्या थोरलीचं तुम्हीच मिटवलं होतंत. तासाभरात. आता ही धाकटी तेच थेर करायला लागलीय. दोनदा घरातून पळाली. जरा चार शब्द सांगा."

बाईंनी त्याला पायरीवरच ओळखलं होतं. सहा वर्षांपूर्वी थोरली या खोलीतून सासरी परत गेली आणि सातव्या महिन्यात भट्टीपाशी जळून मेली. कपडे पेटले, अपघात झाला, असं घरच्यांनी सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून बाईंनी बेकरीचा रस्ता सोडला होता. पण हा माणूस एक दिवस पुन्हा दारात येईल आणि आपल्या हाती सापडेल, याची त्या डोळ्यांत तेल घालून वाट पाहत होत्या.

"सगळ्यांनी बाहेर बसा. मी हिच्याशी एकटीशी बोलणार आहे."

"घरातलं बोलणं घरच्यांसमोर व्हायला हवं," सासू म्हणाली.

"मग ते घरातच का नाही झालं काकू?" मावशींनी झाडू भिंतीला टेकवत विचारलं. "चला, बाहेरचा पंखा चांगला आहे. इथला नुसता आवाज करतो, वारा काही देत नाही."

दार लागलं. बाईंनी तक्रारीचा कागद पुढे ओढला.

"कोण मारतं? नवरा की सासरा? कशाने? सगळं सांग. आत्ताच्या आत्ता पोलिसात जाऊ. या माणसाला मी सोडणार नाही."

धाकटीने पदर खांद्यावर ओढून घेतला.

"घाबरू नकोस. मी सांगते तसं लिही."

"घरी पण सगळे असंच म्हणतात," धाकटी हळूच म्हणाली. "मी सांगतो तसं कर."

पेन पुढे करणारा बाईंचा हात थांबला. या मुलीला आपण अजून नीट पाहिलंही नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं. बेकरीवाल्याच्या डोक्यात घालायला एक दगड हवा होता, तो आपण उचलला होता.

त्यांनी कागद खणात टाकला. टेबलामागची आपली खुर्ची ओढून पुढे आणली. धाकटीला मधल्या खुर्चीत, सासऱ्याच्या जागेवर बसवलं आणि पाणी दिलं. तिने पेला रिकामा करेपर्यंत बाईंनी घाई केली नाही.

मग त्यांनी विचारलं, "बेकरीत तू काय करतेस?"

"सगळंच." धाकटीने पहिल्यांदा मान वर केली. "पीठ मी मळते. हाताला लागलं की कळतं, त्याला अजून किती पाणी प्यायचंय. भट्टीत हात धरून आकडे मोजते. आठपर्यंत हात टिकला तर पाव लावायचा, बारापर्यंत टिकला तर बिस्किटं. नवरा काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना सांगतो, 'पावाला हात माझा आहे.'"

"कुणी शिकवलं?"

"थोरल्या जाऊबाईंची वही होती. माळ्यावर मिळाली. बाकीचं माझं मी."

आता तिचे हात बोलत होते. बाई विचारत गेल्या, ती सांगत गेली. पळाली पळाली म्हणत होते, ती दोन्ही वेळा मोठ्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये काम विचारायला गेली होती. त्यांना पाव करणारी हवी होती. सगळं ठरवूनच बसली होती ही.

"मला राहायला जागा बघून द्या ताई, आणि सासऱ्याच्या कपाटातले माझे शाळेचे दाखले आणून द्या. पुढचं मी बघते. मला त्यांना जाळायचं नाही. मला त्यांची भट्टी थंड पडलेली बघायचीय."

"आणि पोलिसात?"

"जाईन. कधी ते मी ठरवीन." मग तिने सरळ बाईंकडे पाहिलं. "थोरल्या जाऊबाईंचा सूड तुम्हाला घ्यायचाय. आल्या आल्या कळलं मला. तो तुमचा तुम्ही घ्या. माझ्या अंगावर नका टाकू."

बाईंनी उठून दार उघडलं.

"मिटलेलं नाही," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "मिटणारही नाही. आजपासून ही महिलांच्या वसतिगृहात राहील. हिचे दाखले संध्याकाळपर्यंत इथे आले पाहिजेत. नाहीतर मी हवालदार घेऊन येते न्यायला."

बेकरीवाला हसला. "थोरलीच्या समझोत्यावर सही कुणाची आहे, विसरलात वाटतं. मला खाली ओढाल, तर तुम्हीही याल बरोबर." आणि सुनेकडे वळून म्हणाला, "ऊठ."

"बसलेय मी," धाकटी म्हणाली.

थोरला मुलगा खिडकीबाहेर पाहत राहिला.

दाखले आले. धाकटी वसतिगृहात गेली. बाई मात्र तीन दिवस सासऱ्याचं ते वाक्य उशाशी घेऊन पडल्या. चौथ्या दिवशी त्या सहा वर्षांनी बेकरीच्या रस्त्याला लागल्या. काचेच्या कपाटात पाव चपटे पडले होते. धाकटीचा नवरा काउंटरवर घामाघूम झाला होता.

"दादा, मी पाव मागितला होता, वीट नाही," एक गिऱ्हाईक म्हणत होतं. "तुमचा हात कुठे गेला?"

बाईंनी ते डोळे भरून पाहिलं. त्या पोरीने तिच्या वाटणीचं केलं होतं. तिथून त्या तडक पोलीस ठाण्यात गेल्या.

"ती अपघाताची फाइल बंद आहे बाई," अधिकारी म्हणाला. "सहा वर्षांनी नवीन काय मिळालं?"

"साक्षीदार. मीच."

त्याने कागद ओढला.

"मरण्याआधी सात महिने थोरली केंद्रात आली होती," बाई सांगू लागल्या. "सासरा समोर बसला होता, त्यामुळे तोंडाने काही बोलली नाही. तिने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत भट्टीच्या सळईचे डाग होते. पाच. मी विचारलं कुणी, तर तिने नजरेने सासरा दाखवला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"बाही खाली कर म्हणाले. आणि समझोत्यावर सही केली."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "हे लिहिलं तर तुमची नोकरी जाईल. वर खटलाही होऊ शकतो."

"तो माणूस बरोबर येणार असेल, तर मी कुठेही यायला तयार आहे," बाई म्हणाल्या. "लिहा."