वेगळं ऐकू येत नाही

मुंगीला गटवादनात शून्य मिळालं आणि परीक्षकाचा शेरा वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'उमेदवाराचे वादन वेगळे ऐकू येत नाही.' संपलं. पोरीच्या सगळ्या कष्टांवर एका ओळीत बोळा फिरवून मोकळे.

मुंगी माझी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. तिचा चेलो, म्हणजे खुर्चीत बसून वाजवायचं ते भलंमोठं व्हायोलिन, तिच्यापेक्षा थोराड, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. या अभ्यासक्रमात एकल वादन, गटवादन आणि स्वतःची रचना, तिन्हींत पास व्हावं लागतं. एकात गेलं की सगळंच गेलं, आणि संगीत महाविद्यालयाचं दार बंद.

तिच्या गटात दोन व्हायोलिन, त्यांच्याहून जरा मोठा एक व्हायोला आणि खाली हिचा चेलो. चेलोने जमिनीसारखं असावं, बाकीच्यांनी त्यावर निर्धास्त उभं राहावं, हे मीच तिच्या डोक्यात भरवलं. आली तेव्हा ही पोरगी करवत चालवल्यासारखी वाजवायची. तिला दुसऱ्यांचे श्वास ऐकायला शिकवताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटी जमलं. परीक्षेसाठी केलेलं रेकॉर्डिंग ऐकताना ती कुठे संपते आणि व्हायोला कुठे सुरू होतो, मलाच कळेना. मी खुशीत ते मंडळाला पाठवून दिलं. प्रत्येकाचं वादन ओळखू यावं, हा नियम मी वाचला होता. मला वाटलं, ऐकणाऱ्याला कान असतील.

मी परीक्षा मंडळात फोन लावला.

"मॅडम, जे ऐकूच येत नाही त्याला गुण कसे द्यायचे?" अधिकारी म्हणाला.

"तिला गप्प बसवून ऐका एकदा. बाकीचे तिघं कोसळतील."

"तशी तरतूद नाही. शुक्रवारपर्यंत नवीन रेकॉर्डिंग पाठवा."

आवाज कसा थंडगार. मी दातओठ खात फोन ठेवला.

मुंगीचे वडील नळदुरुस्तीची कामं करतात. हत्यारांची पिशवी खांद्याला तशीच ठेवून ते वर्गाच्या दारात उभे राहिले.

"बाई, चुकीचं वाजवलं का हो तिने?"

"नाही."

"मग?"

मी त्यांना शेरा वाचून दाखवला, आणि वाचता वाचता आणखी संताप आला.

गुरुवारी चौघांना बसवलं. माइक उचलून मुंगीच्या पायाशी ठेवला, बाकीच्यांच्या खुर्च्या मागे सरकवल्या.

"जोरात वाजव," मी म्हटलं.

"पण बाई, तुम्हीच तर..."

"मी सांगितलेलं विसर."

तिने वाजवलं. बो, म्हणजे वाजवायचा गज, तारांवर असा दाबला की पहिलं व्हायोलिन बिचकून तालातून सुटलं, व्हायोला त्याच्यामागे धावला. चेलो मात्र दणदणत पुढे गेला. संपल्यावर कुणी कुणाकडे बघेना. मला ते ऐकवत नव्हतं. तेच मी पाठवलं.

निकाल आला. गटवादनात उत्तम गुण. शेरा होता, 'सहवादनाची चांगली जाण.' मी तो दोनदा वाचला आणि एकटीच हसले, पण त्या हसण्यात हसू नव्हतं. मुंगीला प्रवेश मिळाला. तिचे वडील येऊन हात जोडून गेले.

निरोपाच्या कार्यक्रमासाठी चौघं पुन्हा जमले. तीच रचना. दोन ओळींतच चेलो सगळ्यांच्या डोक्यावर चढला. व्हायोलावाली पोरगी डोळे मिटून वाजवत राहिली, मार खाताना मिटावेत तसे.

मी थांबवलं. "मुंगे, आवाज खाली आण. ऐक त्यांना."

तिने बो मांडीवर ठेवला. तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, तोच तर त्रास.

"बाई, आधी मी ऐकत होते तेव्हा शून्य मिळालं ना? तिकडे कॉलेजातही असंच मोजतील. मग आता कशाला सवय बिघडवू?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. मला त्या अधिकाऱ्याला, परीक्षकाला, सगळ्या मंडळाला बखोट धरून त्या वर्गात आणायचं होतं. पण माइक तिच्या पायाशी मीच ठेवला होता.

"पहिल्यापासून घ्या," मी म्हटलं.