दोनशे चौदावा प्रश्न

बोटाच्या पेराएवढं पारदर्शक प्लास्टिक, आणि त्यात आठ तारा – पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी – प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलींसारख्या खांद्याला खांदा लावून... कॉम्प्युटरच्या नेटवर्क केबलचं हे टोक काउंटरखालच्या खोबणीतून सारखं निसटतं, कारण त्याचा चाप कधीचाच मोडला आहे, आणि निसटलं की ती न बघता खाली हात घालून ते परत खुपसते. आज मात्र तिने ते खिडकीच्या उजेडात धरलं. रंगांचा हा क्रम तिला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. पण हिरव्याची जोडी फोडून तिच्यामध्ये निळी जोडी का बसवलीय? आणि या तारा आत एकमेकींना पीळ देऊन का नेतात, सरळ का नाही? पिळाचं कारण तिने काल नेटवर्किंगच्या पुस्तकात पहिल्यांदाच वाचलं होतं. बाहेरून येणारा त्रास दोघींवर सारखाच पडावा, आणि सारखा पडला की तो वजा करून टाकता यावा, म्हणून. वजा करून! हे कुणाला तरी सुचलं होतं. कुणीतरी एका सकाळी दोन तारा हातात घेऊन बसलं असेल आणि त्याला हे सुचलं असेल, आणि मी दहा-अकरा वर्षं त्या माणसाच्या डोक्यावर पाय ठेवून बसलेय...

काचेपलीकडून कुणीतरी हाडांचे डॉक्टर कुठे बसतात ते विचारत होतं. दुसरा मजला, डावीकडे, पाण्याच्या कूलरनंतरचं दार. तिचं तोंड आपोआप बोललं. तिच्या तोंडाला तिची गरज लागत नाही हे तिला माहीत होतं, आणि हॉस्पिटललाही ते आता कळलं होतं. पुढच्या महिन्यात या चौकशीच्या काउंटरवर बोट लावून रस्ता विचारायचं यंत्र येणार होतं.

कॉम्प्युटर रूमचे साहेब तसे भले. ते म्हणाले होते की तुमच्याकडे एक सर्टिफिकेट असेल तर मी तुम्हाला माझ्याकडे घेऊ शकतो, दोन परीक्षांपैकी कुठलीही चालेल. पहिली सपोर्टची – मशीन चालू का होत नाही, प्रिंटर का अडला, पासवर्ड विसरलेल्या डॉक्टरांशी गोड कसं बोलायचं. दुसरी नेटवर्किंगची, जिथे निम्मे लोक पहिल्या खेपेला गचकतात. नाव एकाच परीक्षेला, एकदाच घालता येणार होतं आणि ते आज घरी जायच्या आत सांगायचं होतं. पास झाली तर ती खोली. नापास झाली तर चाळिशी उलटलेल्या बाईला कोण कुठला काउंटर देणार, हा प्रश्न कुठल्याच प्रश्नसंचात नव्हता.

प्रश्नसंच तिला साहेबांच्याच हाताखालच्या एकाने आणून दिला होता. जाडजूड, दोन्ही परीक्षांचा मिळून, आणि प्रत्येक प्रश्नाखाली उत्तराचं अक्षर. वाचायचं नाही, पाठ करायचं, असं त्याने बजावलं होतं. ते त्याने कुणाला सांगावं! मामाने लहानपणीच तिचं नाव राघू ठेवलं होतं. पाहुणे आले की मामा म्हणायचा, राघू, म्हण बघू, आणि राघू म्हणायची – कविता, पाढे, नद्यांची नावं, काहीही. सगळे हसायचे, आई पदराला हात पुसत दारात उभी राहायची... आणि मग ती भूमितीची परीक्षा. प्रमेय तिला स्वल्पविरामासकट येत होतं. पण बाईंनी त्रिकोणाची अक्षरं बदलली, आणि राघूने शांतपणे बाईंचा त्रिकोण सोडून शेजारी आपला त्रिकोण काढला, आपली अक्षरं घातली, आणि सगळं प्रमेय सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. बाईंनी तो पेपर वर्गात वाचून दाखवला. घरी येऊन तिने आईला विचारलं होतं की ते दोन कोन सारखे का असतात. आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाली की कळलं नाही तरी पाठ कर, पुढे जाशील. किती वर्षं राग होता त्या वाक्याचा!

दुपारी काउंटरवर पाटी लावून ती आतल्या मशीनसमोर बसली. दोनशे चौदावा प्रश्न: पॅकेट नेटवर्कमध्ये कायमचं फिरत राहू नये म्हणून काय असतं? उत्तर क. क म्हणजे टीटीएल, जगायची मुदत. हे तिला महिनाभर येत होतं. काल रात्री भांडी विसळताना मात्र एकदम मनात आलं होतं – मुदत कुणाची? कोण मोजतं? तिने काळी खिडकी उघडली, पुस्तकात दिलेला रस्ता शोधायचा हुकूम टाइप केला, पुढे एका लांबच्या विद्यापीठाचा पत्ता घातला, आणि एंटर दाबलं.

पहिली ओळ आली. हॉस्पिटलच्याच तळघरातला राउटर. मग दुसरी... तिसरी... आणि तिला दिसलं. वाचलेलं नव्हे, दिसलं. की हे मशीन तिच्यासाठी मुद्दाम माहितीचं एक पाकीट पाठवतंय, ज्याच्यावर एकाच टप्प्याचं आयुष्य लिहिलंय. पहिल्या नाक्यावर, म्हणजे पहिल्या राउटरवर, तो आकडा एकने उतरतो, शून्य होतो, पाकीट तिथेच संपतं, आणि तो नाका निरोप धाडतो की तुमचं पाकीट माझ्याकडे संपलं, मी अमुक. मग दोन टप्प्यांचं पाकीट. मग तीन. मरणाऱ्यांच्या निरोपांवरून रस्त्याचा नकाशा! समुद्राच्या तळाशी पडलेल्या केबलवरून, तिने कधी न पाहिलेल्या गावांमधल्या थंडगार खोल्यांतून, एकेक नाका आपलं नाव सांगत होता, तिला, पाटी लावून बसलेल्या बाईला... आणि हे आत्ताच नव्हे, सतत चाललं होतं. तिने पेशंटचं नाव टाइप केलं की, कुणी फोनवर लेकराचा फोटो पाहिला की – प्रत्येक पाकीट आपली मुदत अंगावर लिहूनच निघत होतं, कारण ती नसती तर वाट चुकलेली सगळी पाकिटं जगात फिरत राहिली असती आणि रस्ते तुंबले असते. तिच्या हातावर काटा आला. देवळात कधी आला नव्हता तो इथे, सॅनिटायझरच्या वासात आला.

मध्येच एका ओळीत नाव नव्हतं. तीन चांदण्या फक्त. त्या नाक्याने उत्तर दिलं नव्हतं. पण त्याच्या पुढची ओळ आली होती, म्हणजे पाकीट त्याच्याचमधून पुढे गेलं होतं. उत्तर देत नाही, पुढे मात्र पाठवतो. ती त्या चांदण्यांकडे बघत राहिली. आई, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच तिला स्वतःचं हसू आलं, आणि डोळेही भरले. दोन्ही एकदम.

नवरा डबा घेऊन आला. तो याच हॉस्पिटलची अँब्युलन्स चालवतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये जेवतो आणि जेवताना बूट काढत नाही. तिने त्याला सगळं सांगितलं, हातवारे करून, भाजी गार होईपर्यंत. रस्ते हा त्याचा विषय, त्यामुळे त्याने नीट ऐकलं.

"भारीच आहे," तो म्हणाला. "पण हे परीक्षेत विचारतात का?"

"विचारतात. उत्तर क."

"मग झालं तर. क लिही आणि मोकळी हो." तिचा चेहरा पाहून त्याने आवाज खाली आणला. "अगं, मी तुला समजून घेऊ नको म्हणत नाही. आधी सोपी दे, पास हो, तिथे बस. समजून घ्यायला जन्म पडलाय."

त्याचं काही चुकत नव्हतं. चुकत असतं तर बरं झालं असतं. तिने त्याला सांगितलं नव्हतं ते वेगळंच होतं – सराव परीक्षेत तिचे मार्क उतरत चालले होते. पाठ होतं तोवर नव्वदच्या वर. समजायला लागल्यापासून ऐंशी, मग सत्तर, परवा तर पासाच्याही खाली. पूर्वी प्रश्नाचे पहिले चार शब्द दिसले की अक्षर उडी मारून यायचं. आता ती प्रश्न वाचायची, आणि त्यातला तो बिचारा, ज्याची वेबसाइट उघडत नाही, तिला खरोखर दिसायचा, आणि मग ब बरोबर वाटायचं, पण त्याची केबलच निसटली असेल तर ड, आणि हे आधी कुणी विचारलंय का त्याला?... तोवर वेळ संपायची. शहाणपण येताना मार्क घेऊन जातं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. भीती वाटायची. आणि त्या भीतीच्या आत कुठेतरी, लाज वाटण्याइतका आनंद.

संध्याकाळी पाटी उलटी करून ती निघाली. कॉरिडॉर लांब होता, आणि चालता चालता तिने वाक्य पाठ केलं: साहेब, माझं नाव सपोर्टला घाला. लिफ्टपाशी एकदा, एक्स-रेच्या दारापाशी एकदा. साहेब, माझं नाव सपोर्टला घाला. वाक्य चांगलं बसलं होतं. भिंतींमधून, छतातल्या पांढऱ्या पट्ट्यांमागून केबली जात होत्या, तिला आता त्या झाकलेल्या असल्या तरी दिसत होत्या, आणि त्यांतून पाकिटं निघाली होती, नाक्यानाक्याला एकेक आकडा उतरवत, कुणाच्या तरी रक्ताचा रिपोर्ट घेऊन, कुणाचा तरी वाढदिवस घेऊन, न अडखळता. एवढं सगळं चाललंय आणि आवाज कसा नाही?

साहेब दार बंद करायच्या बेतात होते. "ठरलं का? कुठली?"

तिने तोंड उघडलं. तिचं तोंड तिला कधी दगा देत नसे. पण वाक्य नव्हतं. तिने आत शोधलं – साहेब, माझं नाव... – आणि पुढे काहीच नव्हतं. जन्मात पहिल्यांदा राघू पाठ केलेलं विसरली होती. साहेब किल्ली हातात धरून थांबले होते, घाई न करता. तिला घाबरायला हवं होतं, घरचं आठवायला हवं होतं, आणि ते आठवतही होतं, नवऱ्याचे न काढलेले बूटसुद्धा. तरी ती त्या कोऱ्या जागेत उभी राहिली, आणि तिला जाणवलं की आता जे काही आपण बोलू ते आपल्यालाही पहिल्यांदाच ऐकू येणार आहे.