सगळेच अध्यक्ष

आमची डीलिया नववीत गेली आणि घरात कॉलेज शिरलं. कॉलेजला अजून चार वर्षं होती, पण मिनेसोटातल्या आमच्या या गावात एवढी सवड फक्त निष्काळजी आईबापांना असते. शेजारचा मुलगा सातवीपासूनच तयारीला लागला होता. हे कळल्यावर माझी बायको मार्गो दोन दिवस नीट जेवली नाही.

मग हॅल्व्हरसन बाई अवतरल्या. त्या कॉलेजप्रवेशाच्या सल्लागार. त्यांनी डीलियाला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "हिला ध्यास कशाचा आहे?"

"सकाळी उशिरापर्यंत झोपायचा," मी म्हणालो. मार्गोने टेबलाखालून लाथ घातली.

"शाळेच्या क्लबातल्या नुसत्या सभासदाकडे कॉलेजवाले ढुंकूनही बघत नाहीत," बाई म्हणाल्या. "संस्थापक आणि अध्यक्ष! पहिल्याच महिन्यात स्वतःचा क्लब काढायचा."

अर्ध्या तासात 'एकटेपणा निवारण क्लब' जन्माला आला. डीलिया स्वतःच एकटी पडली आहे, हे त्या थोर बैठकीत कुणी बोललं नाही. इथे नववीपासून हायस्कूल, आणि तिच्या मैत्रिणी दुसऱ्या हायस्कूलला गेल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत ती लायब्ररीच्या कोपऱ्यात एकटीच सँडविच खायची. तिने हे मला गाडीत सांगितलं होतं. मी शहाणा बाप. म्हणालो, "होईल गं हळूहळू."

क्लबला शाळेची मान्यता हवी तर पाच सभासद लागतात. क्लबांच्या मेळ्याला मी तिचे फलक उचलायला गेलो. व्यायामशाळेत टेबलांच्या रांगा लागलेल्या. मधमाशा वाचवा, नद्या वाचवा, हस्ताक्षर वाचवा. प्रत्येक टेबलामागे एक मूल ताठ उभं आणि टेबलापुढे चिटपाखरू नाही. सगळ्यांचे सल्लागार बहुधा एकाच साच्यातले असावेत. नववीचा अख्खा वर्ग अध्यक्ष झाला होता, मग सभासद व्हायला कोण येणार?

शेवटी मधमाशीवाला आला. थॅचर नाव त्याचं. डीलिया आशेने उठली.

"माझ्या क्लबात येतेस?" त्याने विचारलं.

"आधी तू माझ्यात ये ना."

"सभासद होऊन मला काय मिळणार?" असं म्हणून तो गेला. ती पुन्हा खुर्चीत बसली आणि कोऱ्या यादीकडे बघत राहिली.

शुक्रवारपर्यंत बहुतेक क्लब बुडाले. पुढच्या आठवड्यात मात्र गाडीत बसल्या बसल्या ती हसायला लागली. "बाबा, आम्ही पाच बुडालेले अध्यक्ष आता एकत्र जेवतो. बँडच्या खोलीत. थॅचर प्रिन्सिपलची काय नक्कल करतो माहितीये!"

महिन्याभरात पहिल्यांदा हसली पोरगी. मला इतका आनंद झाला, की रात्री जेवताना मी मूर्खासारखं सगळं बोलून गेलो. मार्गोने लगेच बाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अहो, कॉलेजच्या अर्जाला जोडायचा निबंध आयता मिळाला की!" बाई आनंदाने ओरडल्या. "पराभूत नेते, एक टेबल! त्याला नाव द्या, फोटो काढा. आणि हो, डीलियाला प्रमुख करा."

डीलियाने काटा खाली ठेवला. माझ्याकडे एकदा बघितलं आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं, "मोडलं ते. आता नाही आम्ही एकत्र बसत." मार्गोने मनापासून शोक केला, निबंधाचा. बाईंनी डीलियाला वादविवाद मंडळात घालायचं ठरवलं.

त्यानंतरच्या सकाळी डीलिया डब्यात ब्राउनी भरत होती. मी मोजल्या. पाच होत्या.

"पाच?" मी विचारलं.

"भूक लागते मला."

"लागणारच," मी म्हणालो, आणि मार्गो जिना उतरायच्या आत डबा तिच्या दप्तरात सरकवला.

आता गाडीत ती शाळेतलं काहीच सांगत नाही. कशी होती शाळा, विचारलं की "ठीक" म्हणते आणि खिडकीबाहेर बघून स्वतःशीच हसते. काय झालं ते मला ऐकायचं असतं. पण माझ्यापाशी सांगायची सोय मीच घालवली.