प्रार्थनेत कोपर का फिरले?

"आमेन!" म्हणून बंधू मर्लने डोळे उघडले. आम्ही दीडशे लोकांनीही उघडले, आणि आर्विड स्लेटनच्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरने काँक्रीटचा तो अगडबंब ठोकळा जमिनीवरून उचलला. थोड्या वेळापूर्वी हाच ठोकळा जागचा हलला नव्हता. पुढे बसवलेल्या लोडरचे, म्हणजे ओझे उचलायच्या सांगाड्याचे, हात कण्हत होते, व्हॉल्व्ह किंचाळत होता, आणि ठोकळा ढिम्म. आता तो साखळीला लटकून छातीच्या उंचीवर झुलत होता. ट्रॅक्टरची पुढची टायरं दबली आणि मागचे एक चाक वीतभर अधांतरी झाले.

"बघा, बघा! ट्रॅक्टर गुडघे टेकतोय!" कुणीतरी ओरडले.

कसले गुडघे अन् कसले काय! मागे वजन न बांधलेला ट्रॅक्टर तोंडावर आपटायच्या बेतात होता. पण चर्चच्या हिरवळीवर सुगीच्या जेवणाला जमलेल्या आमच्या शहाण्या प्रजेला त्यात भक्ती दिसली. आमच्या मिनेसोटात लोक सहसा टाळ्या वाजवत नाहीत. फारच आनंद झाला तर "वाईट नाही" म्हणतात. त्या दिवशी मात्र तळहात लाल होईपर्यंत वाजवल्या. मी इथला गुरांचा डॉक्टर. गुरे अशा गोष्टींना भुलत नाहीत, एवढे मी खात्रीने सांगतो.

मर्ल टॅकेट कुठून आला होता ते कुणालाच नीट ठाऊक नव्हते. लांब बाह्यांचा पांढराशुभ्र शर्ट, आवाजात मध. "मित्रहो, तुमच्या ट्रॅक्टरात ताकद नाही असं कोण म्हणतं? ताकद आहे! पण झोपलीय. हायड्रोलिक तेलाचा कण न् कण चुकलेल्या मेंढरासारखा भटकतोय. हे शक्तिवलय होजवर, या तेलाच्या नळीवर, चढवलं की कण रांगेत उभे राहतात, आणि प्रार्थना झाली की चालायला लागतात!"

शक्तिवलय म्हणजे कपाटाच्या दाराला लावतात तसल्या दोन चुंबकांची सोनेरी रंग फासलेली कडी. तेल चुंबकाला ओळखसुद्धा दाखवत नाही, हे शाळेतल्या पोराला माहीत असते. किंमत मात्र खऱ्या सोन्याची. शिवाय एक अट होती. कडी नुसती घरी नेऊन चालणार नव्हते. मर्ल स्वतः यंत्रावर हात ठेवणार, सगळ्यांनी टोप्या काढून डोळे मिटायचे, आणि मगच गुण येणार. दोन ट्रॅक्टर आधीच पावन झाले होते. तिसरा आर्विडचा.

आर्विडचे वय चौऱ्याहत्तर, दोन्ही खुबे बदललेले. त्याच्या तीसेक गाई मी नावानिशी ओळखतो. हिवाळ्यात त्यांना गवताचे गोल गठ्ठे घालावे लागतात, आणि हल्लीचे गठ्ठे त्याच्या लोडरला पेलत नव्हते. गेल्या हिवाळ्यात त्याने ते पहारीने ढकलत नेले आणि पंधरवडाभर अंथरुणाला खिळला. आता लोडरने गठ्ठा उचलला तर गाई राहणार, नाहीतर नाताळाआधी लिलाव, असे घरात ठरून गेले होते. म्हणूनच ठोकळा वर गेला तेव्हा आर्विड ट्रॅक्टरच्या सीटवर बसून रडत होता. त्याला मी हसणार नाही. माझा राग त्याला रडवणाऱ्यावर आहे.

एवढ्यात चर्चच्या स्वयंपाकघरातून आर्विडची बायको बोर्गहिल्ड फडक्याला हात पुसत बाहेर आली.

"बंधू, एक विचारू का? प्रार्थना चालू असताना तुमचं कोपर कशाला फिरत होतं?"

मर्ल गोड हसला. "भगिनी, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी तुमचे डोळे उघडे होते?"

लोकांत कुजबुज झाली. बाईंनी खाली मान घालावी अशीच त्याची अपेक्षा होती.

"उघडेच असतात. चाळीस वर्षं झाली. मी डोळे मिटले की तुम्हा सगळ्यांची कॉफी उतू जाते." मागे कोणीतरी फिसकन हसले. "खिडकीतून सगळं दिसतं मला. तुमचा डावा हात कडीवर होता, उजवा त्या व्हॉल्व्हवर. आणि उजवं कोपर असं, असं." मुरंब्याच्या बरणीचे झाकण पिळावे तसे तिने करून दाखवले.

"बोर्गहिल्ड, पुरे की गं," आर्विड कळवळून म्हणाला. "उचललाय ना ठोकळा?"

"उचललाय. पण आता हिवाळाभर लटकत्या गठ्ठ्याखाली उभी राहून त्याच्यावर गुंडाळलेली जाळी कोण कापणार? मी कापणार. हा मर्ल नाही येणार कापायला."

मी पुढे गेलो, ठोकळा खाली उतरवायला लावला आणि व्हॉल्व्हपाशी वाकलो. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तेल परत टाकीत सोडणारी एक झडप तिथे असते. तिच्या स्क्रूवरचे टोपण गायब होते.

"टोपण कुठंय, मर्ल?"

"जुनं यंत्र आहे, डॉक्टर. पडलं असेल कुठंतरी."

"तुमचा खिसा लोंबतोय, बंधू," बोर्गहिल्ड म्हणाली.

खिशातून टोपण निघाले आणि बाहीतून स्क्रू पिळायची आखूड एलन की. एवढ्या उन्हात लांब बाह्या कशाला, ते आता सगळ्यांना कळले.

"तपासणी तर करावीच लागते ना!" मर्लचा मध पातळ झाला होता.

"मग आम्हाला डोळे कशाला मिटायला लावलेस?" मी स्क्रू पिळून जुन्या रंगाच्या खुणेवर परत आणला. कडी होजवर तशीच ठेवली. "चल, कर आता प्रार्थना. या वेळी सगळ्यांचे डोळे उघडे."

"उघड्या डोळ्यांनी मागितलेलं देव देत नाही!"

"मला तर देतोय हो, चाळीस वर्षं," बोर्गहिल्ड म्हणाली.

दीडशे माणसे टक लावून बघत असताना मर्लने प्रार्थना केली. ती फारच छोटी झाली. आर्विडने दांडा ओढला. व्हॉल्व्ह किंचाळला, ठोकळा ढिम्म. मग मी कडी काढून गवतात फेकली आणि स्क्रू पुन्हा घट्ट केला. ठोकळा निमूटपणे वर आला. पण त्याबरोबर होजवर लिंबाएवढा फुगाही आला, आणि तो बघून पुढच्या रांगेतले लोक झटकन मागे सरले. मी ओरडून ठोकळा खाली घ्यायला लावला आणि स्क्रू होता तिथे नेला.

"दट्ट्यावर तेलाचा दाब जितका, तितकी उचल," मी सांगितले. "स्क्रू पिळला की दाब वाढतो. पण पंप जुना, होज जुने, लोडरचे हात जुने. होजला छिद्र पडलं तर सुईसारखी चिळकांडी कातडीतून आत शिरते, आणि हात कापावा लागतो. होज फुटला तर अर्ध्या टनाचा गठ्ठा खाली, बोर्गहिल्डच्या डोक्यावर. तोवर हे बंधू चार जिल्हे पलीकडे कुणाचं तरी तेल जागं करत असतील."

आधीच पावन झालेल्या दोन ट्रॅक्टरांचे मालक जन्मात पळाले नव्हते, ते आपापले स्क्रू बघायला पळत निघाले. आणि बाकीच्यांनी काय केले? कोणी मर्लची गचांडी धरली नाही. शेरीफला बोलावले ते मीच. तो येईपर्यंत एका बाईंनी मर्लला सफरचंदाचा केक बांधून दिला, वर "रस्ता लांबचा असेल हो तुमचा" म्हणाल्या. असल्या सौजन्याला काय म्हणावे ते तुम्हीच ठरवा.

आर्विड सीटवरून उतरलाच नाही. "म्हणजे गाई विकायच्या," एवढेच म्हणाला.

"जाडे सिलिंडर घालता येतील," मी म्हणालो, "पंप तपासता येईल, मागे वजन तर बांधायलाच हवं. पण तुझ्या लोडरचे हात आणखी भार सोसणार नाहीत, आर्विड. ते वाकतील."

बोर्गहिल्ड गर्दीकडे वळली. त्यांच्या शेतातले गवत शेजारचा लाईल व्होस त्याच्या नव्या यंत्राने बांधून देतो. "लाईल, तुझ्या यंत्रात गठ्ठे लहान बांधता येतात का रे?"

"येतात की," लाईल म्हणाला. "पडद्यावर आकडा बदलायचा, झालं. मला वाटलं, आर्विडला मोठेच हवेत."

"तीन वर्षं तुला असं वाटत होतं?"

"तो कधी काही बोललाच नाही."

आर्विड खाली बघत पुटपुटला, "तुला कशाला उगीच त्रास, म्हणून..."

ऐकलेत? शेजाऱ्याला एक साधा प्रश्न विचारायचा संकोच वाटला, म्हणून हा भला माणूस गाई लिलावात काढायला निघाला होता, आणि चाळीस वर्षांच्या सोबतिणीला नकळत मरणाखाली उभी करणार होता. मर्लचा धंदा चुंबकावर चालत नाही, आपल्या या संकोचावर चालतो. तुम्ही प्रार्थना करा, माझे काही म्हणणे नाही. पण तुमच्या यंत्राला, औषधाला किंवा पैशाला हात घालताना कोणी डोळे मिटायला सांगितले, तर नेमके तेव्हाच ते उघडा आणि सरळ विचारा, "काय करतोयस?" त्याला वाईट वाटेल. वाटू द्या.