पहिल्या ठोक्याला न उडणारं रिव्हॉल्व्हर

कोचबाई दुकानात आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. नेमबाजीच्या क्लबात नवशिक्यांना शिकवण्यासाठी त्या एक छोटंसं रिव्हॉल्व्हर वापरायच्या. ते त्यांनी डबीसकट टेबलावर ठेवलं.

"धाकटे, हे बघ बाई तुझं काम. पहिल्या ठोक्याला उडतच नाही. चक्र फिरून तेच काडतूस पुन्हा घोड्याखाली आलं की उडतं. आणि रिकामी टरफलं बाहेर काढताना अशी अडकतात की नखं तुटायची पाळी. तुमच्याकडे साफसफाईला दिलं तेव्हा ठणठणीत होतं. मग तुम्ही साफ केलंत की साफ बिघडवलंत?"

धाकटीचा चेहरा उतरला. आबांच्या दोन मुलींपैकी ही धाकटी. थोरली लग्न करून लांब गेली, ही मात्र दुकानाला चिकटली. बंदुका दुरुस्त करायचं काम आबांनी जन्मभर केलं आणि धाकटी कळत्या वयापासून त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसत आली. पण सहा महिन्यांपूर्वी आबांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच. कोचबाईंनी रिव्हॉल्व्हर दिलं होतं झटक्याच्या आधी. मग क्लबाची दुरुस्ती निघाली, "घाई नाही" म्हणाल्या, आणि ते कपाटात पडून राहिलं. मागच्या आठवड्यात धाकटीनं ते पुसून, तेल देऊन परत केलं होतं.

फक्त एक गोष्ट तिनं केली नव्हती. गिऱ्हाइकाला माल देण्याआधी मागच्या अंगणातल्या वाळूच्या पिंपात बार उडवून बघायचा, हा दुकानाचा शिरस्ता. ते काम कायम आबांचं. आबांचा हात बसला तसा तो शिरस्ताही बसला.

"उद्या संध्याकाळी येते," कोचबाई म्हणाल्या. "परवा पोरांची स्पर्धा आहे. नाही जमलं तर तसं सांग, मी दुसरीकडे दाखवेन."

उद्या संध्याकाळीच आणखी एक माणूस फोन करणार होता. खेळाचं सामान विकणारा नाक्यावरचा दुकानदार. आबांनी त्याला दुकान विकायचं जवळजवळ कबूल केलं होतं. धाकटीनं रडून, भांडून, अबोला धरून पाहिलं. आबांचं एकच पालुपद.

"तुला अजून निम्मं काम येत नाही. उरलेलं तोंडानं शिकवता येत नाही, हातानं दाखवावं लागतं. माझा हात गेला. मग कशाच्या जोरावर चालवशील?"

आणि आता हे. एक साधं साफसफाईचं काम, तेही अंगाशी आलेलं. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, म्हणजे आबांनी सगळं ऐकलं असणार. ते काही बोलले नाहीत. एरवी गिऱ्हाइकानं नुसतं हं केलं तरी आतून दहा सूचना यायच्या.

धाकटी पदर खोचून कामाला बसली. आधी शंका काडतुसांवर. नव्या पेटीतली घेतली, जुन्या पेटीतली घेतली, दोन्ही तशी चांगली. मग घोड्याची स्प्रिंग. ढिली पडली की ठोका कमजोर बसतो, पण स्क्रू घट्ट होता आणि स्प्रिंग ताठ होती. मग चक्राच्या मागची, टरफलं बाहेर ढकलणारी चांदणी, जिथे काजळी साचली की चक्र अडखळतं. तिथे काजळीचा कणही नव्हता, कारण ती तिनं स्वतःच मागच्या आठवड्यात घासून काढली होती. आपल्याच स्वच्छतेचा तिला राग आला.

शेवटी तिनं चक्राच्या एका घरात काडतूस सोडलं. ते सुळकन आत गेलं आणि अगदी शेवटी थांबलं. नखाच्या टोकाइतकं वर राहिलं. दुसऱ्या घरात तेच, तिसऱ्यात तेच. तिनं बोटानं दाबलं तेव्हा कुठे बसलं.

तिनं भिंग डोळ्याला लावलं. आठही घरांच्या कडेवर, नेमक्या एकाच जागी, एकेक खोलगट घाव होता आणि त्या घावाचं पोलाद घराच्या आत सरकलं होतं.

आता कोडं सुटलं. या लहान काडतुसाचा पेट घेणारा मसाला मध्ये नसतो, बुडाच्या काठात असतो, म्हणून घोड्याची सुई काठावर बसते. आत काडतूस असलं तर ठीक. नसलं तर सुई थेट पोलादावर आपटते. एखाद-दुसऱ्या वेळेनं काही होत नाही, पण रोज आपटली तर कड चेपते. मग काडतूस पूर्ण बसत नाही, पहिला ठोका त्याला आत ढकलण्यात वाया जातो आणि दुसऱ्याला ते उडतं. टरफल अडकतं तेही त्याच उंचवट्याला. म्हणूनच दुकानाच्या भिंतीवर आबांनी ठसठशीत अक्षरात पाटी लावली होती, 'रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढू नये'. ती न वाचणाऱ्याला ते मोठ्यानं वाचायला लावायचे.

तिनं तावातावानं कोचबाईंना फोन लावला. "बाई, तुमच्या पोरांनी रिकामं चालवलंय हे. शेकडो वेळा."

"माझ्या पोरांनी?" कोचबाई कडाडल्या. "एकदा माझ्याकडून रिकामा चाप ओढला गेला, तर तुझ्या आबांनी मला भर दुकानात कान धरायला लावला होता! तेव्हापासून माझी टाप आहे का?"

फोन ठेवून धाकटी विचारात पडली. सुई नेमकी कुठे बसते ते पाहावं म्हणून तिनं आठही घरांत वापरलेली टरफलं भरली, नळी वाळूच्या डब्याकडे धरली आणि चाप ओढला.

टिक.

तिचा हात तिथेच थांबला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. गेले कित्येक महिने दुपारची जेवणं आटोपली की आबांच्या खोलीतून हाच आवाज यायचा. तिला वाटायचं, पंखा. तिनं वायरमन बोलावला. त्यानं पंखा उतरवला, पुसला, परत टांगला आणि पंख्याला काही झालेलं नाही असं सांगितलं. त्या दुपारी आवाज आला नाही, तेव्हा तिनं शेजारीपाजारी त्याची तारीफही केली. दुसऱ्या दिवशी टिकटिक पुन्हा सुरू. मग कधी थांबली? कोचबाई रिव्हॉल्व्हर घेऊन गेल्या त्या दिवसापासून.

आतल्या खोलीत कुणीतरी उगाचच खाकरलं.

ती दारात जाऊन उभी राहिली. आबा वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते. उलटं.

"आबा."

"तुला कळलंय ना, ओरडू नकोस," वर्तमानपत्रामागून आवाज आला. "कपाटाची किल्ली माझ्याकडेही आहे."

"तुम्ही? तुम्ही, आबा? जगाला पाट्या वाचायला लावता आणि... डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता ना दाबायला?"

"चेंडू दाबायला मी काय रांगतं पोर आहे? आणि कपाटातली बाकीची हत्यारं जड. हे एवढंच माझ्या मुठीत मावत होतं."

"मग निदान आत रिकामी टरफलं तरी भरायची!"

आबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "पहिल्या दिवशी तेच करायला गेलो. एवढंएवढंसं टरफल. उचललं की पडायचं. आठातलं एक आत जाईना. ते भरायला बोटं लागतात, बयो. बोटं असती तर हा खटाटोप कशाला केला असता?"

धाकटीला हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. "मला का नाही हाक मारली? मी भरून दिली असती."

"आणि बोट हललंच नसतं तर? तू रोज आशेनं बघत बसली असतीस. मला ते झेपलं नसतं." त्यांनी उजव्या हाताचं एक बोट वाकवून दाखवलं. "सुरुवातीला दोन्ही हात लावून ओढावा लागायचा चाप. मग दोन बोटांनी. आता एकानं येतो. पण एकदम काही सांगायचं धाडस होईना. गिऱ्हाइकाचं हत्यार खराब केलं, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

धाकटी वळली, रिव्हॉल्व्हर घेऊन आली आणि मोकळं चक्र त्यांच्यासमोर धरलं. इतका वेळ ती या घावांना शिव्या देत होती. आता त्यांच्यावरून अंगठा फिरवताना तिला वाटलं, बापाच्या हातानं इतकं चांगलं काम कधीच केलं नव्हतं.

"उठा," ती म्हणाली. "बिघडवलंत तुम्ही, आता निस्तरायचंही तुम्हीच. मी कानस काढते."

"कानस?" आबा तटकन उभेच राहिले. "खबरदार! घर मोठं झालं की पुन्हा लहान होत नाही. खालच्या खणात निमुळती पोलादी सळई आहे, ती आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं टेबलाला बसली. आबांनी सळईचं टोक पहिल्या घरात घातलं आणि मनगटानं हळूहळू फिरवत, आत सरकलेलं पोलाद होतं तिथे परत दाबलं. हात थरथरत होता, पण ऐकत होता. काडतूस सोडलं तेव्हा ते शेवटपर्यंत गेलं. आबांच्या कपाळावर घाम आला होता.

"दिसलं?"

"दिसलं. पण किती जोर द्यायचा ते कळलं नाही."

आबांनी आपला उजवा हात तिच्या हातावर ठेवला आणि दुसऱ्या घरात सळई तिच्या मुठीतून फिरवली. तिला जोर कळला. उरलेली घरं तिनं एकटीनं केली, आबा काडतूस टाकून बघत आणि दोनदा "पुन्हा कर" म्हणाले. काडतूस दरवेळी त्यांनी उजव्या हातानंच टाकलं. तीनचार खाली पडली, ती दोघांपैकी कुणीच मोजली नाहीत.

संध्याकाळी कोचबाई आल्या तेव्हा दोघं मागच्या अंगणात वाळूच्या पिंपापाशी होती. धाकटीनं आठ काडतुसं भरली आणि रिव्हॉल्व्हर सवयीनं आबांपुढे धरलं. आता दोघांचंही काम एकदमच तपासलं जाणार होतं.

आबांनी डाव्या हाताचा आधार दिला, उजवं बोट चापावर ठेवलं आणि ओढलं. बार झाला. मग दुसरा. पाचव्याला बोट मध्येच अडलं, कोचबाई पुढे सरकल्या, पण धाकटीनं त्यांना हातानंच थोपवलं. आबांनी श्वास घेतला आणि चाप पूर्ण ओढला. आठही बार पहिल्या ठोक्याला उडाले. धाकटीनं दांडी दाबली तशी टरफलं सगळी एकदम घरंगळत खाली आली.

"झकास!" कोचबाई म्हणाल्या. "पण खराब केलं कुणी होतं?"

"मी," आबा म्हणाले. "पोरीचा काही दोष नाही. तिनं शोधलं आणि तिनंच नीट केलं. तुम्हाला कान धरायला लावला होता ना? आज माझा धरा." कोचबाई हसत सुटल्या.

आत फोन वाजला. नाक्यावरचा दुकानदार. आबांनी रिसीव्हर उचलला, उजव्या हातानं, आणि दुकानाचा विषय निघताच त्याला मध्येच थांबवलं.

"माझ्याशी बोलून उपयोग नाही हो," ते म्हणाले. "दुकान माझ्या मुलीचं आहे. मी इथे शिकवायला असतो."

त्यांनी फोन धाकटीपुढे धरला. तिनं तो घेतला आणि नाही म्हणून सांगितलं.