कागदावरचा मालक

झानेले वारली, तेव्हा लग्नापोटी तिच्या माहेरी द्यायच्या लोबोलाच्या अकरा गायींपैकी मी चारच दिल्या होत्या. बाकीच्या दिल्याशिवाय तिला माझ्या अंगणात पुरू देणार नाही, असं तिच्या भावानं, म्फिकेलेनीनं, बजावलं. त्याच्या हातात वर्तमानपत्र होतं. त्यात बांधकाम कंपनीचा काळा भागीदार म्हणून माझा फोटो होता.

“दाजी, कंपनीचे मालक तुम्ही, आणि सात गायी जड होतात?”

“अरे, मी तिथं फाटक उघडतो. काळा भागीदार दाखवला की सरकारी कंत्राटं मिळतात, म्हणून गोऱ्या साहेबानं कागदावर माझं नाव लावलंय.”

“ताई तर गावभर सांगायची, नवरा मालक झाला म्हणून!”

“मीच तिला तसं सांगितलं होतं.”

“गायी म्हणजे ताईचा मान, दाजी. त्यात मालकाला सूट नाही.”

झानेलेला त्यांनी माहेरच्या मातीत पुरलं. मी पाहुण्यांच्या रांगेत उभा होतो.